पूजेला मांडलेल्या डिस्क

आमच्या घरात कुठलीही वस्तू टाकायची नाही, हा आप्पांचा नियम. कुठलाही फोटो, कुठलाही व्हिडिओ पुसायचा नाही, हा माझा. आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांनी उमेदीची सगळी वर्षं बेळगावच्या उद्यमबागेत लेथ मशीनवर काढली आणि निवृत्त होताना पाने, मायक्रोमीटर, कटिंग टूल अशी एक लोखंडी पेटी घेऊन घरी आले. मी त्याच उद्यमबागेतल्या एका कारखान्यासाठी घरी बसून संगणकावर सुट्या भागांची ड्रॉइंग करतो. शहापूरच्या गल्लीतलं आमचं घर अरुंद, त्यामुळे त्यांची पेटी आणि माझी यंत्रं एकाच खोलीत नांदतात. दुसऱ्याचं ते भंगार, याबद्दल मात्र आमचं दोघांचं एकमत होतं.

माझं भंगार म्हणजे कपाटावर ठेवलेला एक काळा डबा. त्यात हार्ड डिस्क ओळीने बसवलेल्या. घरातल्या सगळ्यांचे फोन आणि कॅमेरे त्यात रिकामे व्हायचे आणि घरातल्या वायफायवरून कुणालाही काहीही बघता यायचं. लोक असलं सगळं इंटरनेटवर कुठल्या तरी कंपनीच्या हवाली करतात. मला ते कधी पटलं नाही. आपलं ते आपल्या छपराखाली असावं, असं मी पाहुण्यांना ऐटीत सांगायचो. पाहुणे मान डोलवायचे आणि चहाची वाट बघायचे.

त्या डब्यात सगळ्यात जास्त जागा खाल्ली होती ती आक्कानं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीनं. ती बोरगावकडच्या एका खेड्यात सरकारी मराठी शाळेत शिकवायची. लग्न केलं नाही. निपाणीत खोली घेऊन राहायची आणि शनिवारी दुपारी शाळा सुटली की बस धरून घरी यायची. कोरोनात शाळा बंद पडल्या तेव्हा ती रोज सकाळी एक धडा फोनमध्ये रेकॉर्ड करून पालकांच्या ग्रुपवर पाठवू लागली. भागाकार, कविता, पावसाचं पाणी कुठे जातं, सगळं. फोन भरला की तो माझ्याकडे यायचा. मी धडे डब्यात टाकायचो आणि फोन रिकामा करून परत द्यायचो. अशा रीतीने तिचा आवाज माझ्याकडे साठत गेला. मी त्यातलं एक अक्षर कधी ऐकलं नाही. आवाजाची मालकीण दर शनिवारी येऊन माझं डोकं खात होती, मग रेकॉर्डिंग कशाला ऐकू.

नंतर तिचा घसा बसला आणि बसलेलाच राहिला. मास्तरकीचा घसा म्हणून तिनं काढे पिण्यात, गुळण्या करण्यात बरेच दिवस घालवले. तपासणी झाली तेव्हा डॉक्टरांकडे एकच रस्ता उरला होता. जीव वाचला, स्वरयंत्र गेलं. गळ्याच्या खाली एक भोक राहिलं, त्यातून ती श्वास घेते. भेटायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, बाई तंबाखू खात होत्या काय. निपाणीची माणसं, ज्यांची अख्खी घरं तंबाखूवर चालतात, ती हे विचारायची. तिनं आयुष्यात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नव्हतं. एका नात्यातल्या माणसाला मी यावरून दारातूनच परत पाठवलं, आणि त्याचं मला अजून वाईट वाटत नाही.

ऑपरेशननंतर आक्का आमच्याकडेच राहायला आली. शाळेतली पाटी घेऊन आली होती. काही सांगायचं असलं की लिहायची, आम्ही वाचलं की पुसायची. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दवाखान्यानं दिलं होतं. त्यातून शब्द यायचे, पण पिठाची गिरणी बोलतेय असे यायचे. दोनदा वापरून तिनं ते कपाटात ठेवलं. तिच्या हातात खडू असायचाच, त्यामुळे घरात सगळीकडे पांढरे डाग पडायचे, आणि माझ्या बायकोनं त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. तिनं लिहिलेलं वाचायला मी नेहमी थोडा उशीर करायचो. का, ते मला सांगता येणार नाही. तिचं बोलणं वाचावं लागतंय हे बहुतेक मला मान्य करायचं नव्हतं.

मग एके दिवशी दवाखान्यातल्या बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी एक नवी गोष्ट सांगितली. तुमचं जुनं, स्वच्छ रेकॉर्डिंग असेल तर ते द्या, म्हणाल्या. त्यावरून तुमचाच आवाज तयार करता येतो. तुम्ही फोनवर टाइप करायचं, फोन तुमच्या आवाजात बोलेल. जितकं जास्त रेकॉर्डिंग, तितका आवाज खरा. आक्कानं तिथंच पाटी काढली आणि लिहिलं, "आमच्याकडं ढीग हाय." आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या काळ्या डब्याबद्दल घरातल्या कुणी अशा नजरेनं बघण्याची ती पहिलीच वेळ. रिक्षात ती बोटांनी मांडीवर काहीतरी टाइप केल्यासारखं करत होती. कित्येक महिन्यांनी मी तिला खूश बघितलं.

नेमक्या त्याच सुमाराला डब्यावर पिवळा दिवा लागू लागला. एक डिस्क थकली होती, आणि जागाही संपत आली होती. मी मोठा डबा मागवला, दुप्पट खणांचा. काम तसं सोपं असतं. जुन्या डब्यातल्या डिस्क काढायच्या, त्याच क्रमानं नव्यात घालायच्या, मागच्या रिकाम्या खणांत नव्या डिस्क बसवायच्या. नवा डबा जुनं सगळं ओळखून घेतो आणि थकलेल्या डिस्कचा भार नवीवर टाकतो. आक्कानं पाटीवर लिहिलं, "आधी माझं धडं काढून दे." मी म्हटलं, दोन दिवस थांब, दुबळ्या डिस्कला आत्ता ताण द्यायचा नाही, नव्यात गेलं की सगळं एकदम काढून देतो. सावधगिरी म्हणून म्हटलं. माझ्याइतका सावध माणूस गल्लीत दुसरा नव्हता.

दसरा तोंडावर होता. नवा डबा बघून आप्पा म्हणाले, "नवं मशीन हाय न्हवं? मग खंडेनवमीला पुजल्याबिगर चालू करायचं न्हाय. दसऱ्याला चालू कर."

मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू. त्यांनी माझ्या डब्याला पहिल्यांदा मशीन म्हटलं होतं. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पुजतात. त्या दिवशी कशालाच राबवायचं नाही. आप्पांची पेटी वर्षातून त्या एका दिवशी पूर्ण रिकामी होते, प्रत्येक पाना बाहेर येतो, पुसला जातो, पाटावर मांडला जातो. यंदा शेजारी माझा पाट मांडायचा ठरला. सकाळी मी जुना डबा बंद केला, डिस्क एकेक करून काढल्या आणि ओळीनं ठेवल्या. आप्पा बघत होते.

"झाल्या सगळ्या?" त्यांनी विचारलं.

"एक कपाटात आहे. महत्त्वाच्या गोष्टींची दुसरी प्रत आहे तिच्यात."

"आण की मग तीबी. एक हत्यार ऱ्हायलं तर ते रुसतंय."

मी हसलो आणि तीही आणून ठेवली. मग कोहळा, शेवंती आणि लिंबं आणायला बाजारात गेलो. बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येक दुकानदाराला त्याच दिवशी शटर, तराजू आणि गाडी पुजायची असते. मला यायला वेळ लागला.

आलो तेव्हा खोलीत थिनरचा वास भरला होता. दोन्ही पाट सजले होते. आप्पांच्या पाटावर पाने चमकत होते आणि माझ्या पाटावर डिस्क त्यांच्याहून जास्त चमकत होत्या. प्रत्येकीवर हळदीकुंकवाची ओली बोटं, वर अक्षता. मला काय वेगळं दिसतंय ते क्षणभर कळलं नाही. मग कळलं. डिस्कवर एकही कागद राहिला नव्हता. कंपनीचे, नंबरांचे, चेतावणीचे, सगळे कागद गेले होते आणि नुसता उघडा धातू उरला होता.

"आप्पा, कागद कुठे गेले?"

"खरवडलं की. ब्लेडनं. लोखंडाला कागद चिकटलेला लई वंगाळ दिसत हुता. थिनरनं पुसल्यावर बघ कसं निघालं."

त्यात त्यांचं चुकलं काय? लेथवर ज्यानं जन्म काढला त्याचा हा धर्म होता. कारखान्यात खंडेनवमीला मशीनवरचं वर्षभराचं तेल, चिकटा, चिठ्ठ्या, खडूच्या खुणा, सगळं काढून धातू उघडा करायचा, मगच त्याला कुंकू लावायचं. मळक्या हत्याराला कुंकू लावणं त्यांच्या लेखी पाप. पण हार्ड डिस्क हे हत्यार नाही. ती बंद पेटी आहे. आत आरशासारख्या तबकड्या असतात आणि त्यांच्यावरून, केसाच्या जाडीहूनही कमी अंतरानं, एक सुई फिरते. धुळीचा कण आत गेला तर सुई त्याला अडखळते आणि तबकडी ओरखडली जाते. त्या पेटीला बाहेरून बारीक भोकं असतात आणि काही कागद त्या भोकांवर झाकण म्हणून लावलेले असतात. आप्पांनी झाकणं खरवडली होती, भोकांवरून थिनरचा बोळा फिरवला होता, वर ओली हळद लावली होती.

मी ओरडलो. काय ओरडलो ते सगळं मला आठवतं आणि ते मी इथे लिहिणार नाही. आप्पा हातात बोळा घेऊन उभे होते. "निर्मळ केलं की रं," एवढंच म्हणाले. आक्का आतून आली. तिनं घाईनं पाटीवर लिहिलं, "ओरडू नको," आणि पाटी माझ्या तोंडासमोर धरली. मी पाटी बाजूला सारली. पूजा दसऱ्याआधी उचलायची नसते, हे माहीत असून मी पाटावरच्या डिस्क उचलल्या, अक्षता जमिनीवर सांडल्या, आणि एकेक डिस्क जोडून बघितली. आतून टकटक आवाज यायचा, थांबायचा, परत यायचा. सगळ्यांचा तोच आवाज. शेजारच्या विणकरांच्या घरात माग बंद होता, कारण त्यांनीही तो पुजला होता, त्यामुळे ती टकटक फार स्वच्छ ऐकू येत होती.

डिस्क पुण्याला पाठवल्या. असल्या मेलेल्या डिस्कमधून माहिती काढणारी माणसं तिथं आहेत. त्यांचा फोन आला तेव्हा बोलणारा मुलगा फार अदबीनं बोलला. सर, आत पिवळं काहीतरी गेलंय, म्हणाला. तबकड्यांवर ओरखडे आहेत, काही निघण्यासारखं नाही. तुम्ही डिस्क जोडून चालवून बघितल्या होत्या का, असंही त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. चालवायला नको होत्या सर, म्हणाला. तेवढ्यावरून मला कळलं की न चालवता पाठवल्या असत्या तर कदाचित काहीतरी हाती लागलं असतं. म्हणजे आप्पांच्या हळदीनं जे झालं नसतं ते माझ्या रागानं केलं. हे मी घरात कुणाला सांगितलं नाही.

आक्काला मी एवढंच सांगितलं की धडे गेले. तिनं लिहिलं, "सगळं?" मी म्हटलं, सगळे.  तिनं पाटी पुसली, नुसत्या हातानं नाही, पदरानं नीट कोरडी केली, आणि खाटेखाली ठेवून दिली. त्यानंतर कित्येक दिवस तिनं पाटी काढली नाही. खुणांवर भागवायची. पाणी, चहा, दार लाव. एवढ्यात माणसाचं घरात निभतं, हे बघून मला धडकी भरली. धडे म्हणजे जुनी आठवण असती तर एक वेळ सोसलं असतं. पण तिला त्यातून पुढचं बोलायचं होतं. उरलेलं सगळं आयुष्य त्या डब्यात होतं.

आप्पा तिच्यासमोर यायचे बंद झाले. आम्ही जेवायला बसलो की त्यांना बाहेर काम निघायचं. सगळ्यांची जेवणं झाली की येऊन मागच्या पडवीत ताट घेऊन बसायचे. बायकोनं दोनदा सांगितलं, मी एकदाही नाही. माझा राग उतरला नव्हता, आणि त्यात आता माझ्यावरचा रागही मिसळला होता, तो काढायला जागा नव्हती.

एका रविवारी आप्पा सकाळीच घराबाहेर पडले आणि दुपारी मला अनोळखी नंबरवरून फोन आला. बोलणारे गृहस्थ बोरगावकडचे होते, आक्काच्या शाळेच्या गावचे जैन शेतकरी. मराठी बोलताना त्यांच्या तोंडात कानडीचा हेल होता. "तुमचे वडील आमच्याकडं बसल्यात बघा," ते म्हणाले. "सकाळधरनं घरोघर फिराय लागल्यात उन्हात. बाईंचा आवाज हाय काय म्हणून इचारत्यात. तुम्ही येऊन घेऊन जावा."

मी मोटारसायकल काढली. निपाणीपर्यंत हायवे, पुढे आतला रस्ता, दोन्हीकडे ऊस आणि तंबाखू. सगळ्या रस्त्यात मी काय बोलायचं ते ठरवत होतो आणि पोचल्यावर त्यातलं काही बोललो नाही. आप्पा त्यांच्या ओसरीवर टोपी मांडीवर ठेवून बसले होते. मला बघून उठायला लागले. घरमालकांनी त्यांना बसवलं आणि मला फोन दाखवला. शाळेचा तो ग्रुप त्यांच्या फोनमध्ये अजून होता. धड्यांची अख्खी रांग होती, प्रत्येकापुढे आक्काचं नाव. मी पहिल्या धड्यावर बोट ठेवलं. फोननं सांगितलं की ही फाइल आता उपलब्ध नाही, पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा. दुसऱ्याला तेच. तिसऱ्याला तेच. आप्पांनी चष्मा लावून ते सावकाश, एकेक शब्द जुळवत वाचलं.

"पाठवणाऱ्याला कसं सांगायचं?" ते म्हणाले.

दिवस मावळायच्या आत जेवायचा त्या घराचा नियम. आम्हालाही आग्रहानं बसवलं. आप्पा पुष्कळ दिवसांनी माणसांत बसून जेवले.

त्यानंतरचे रविवार आम्ही दोघं त्या गावात घालवले. मोटारसायकलवर ते मागे बसायचे, एक हात माझ्या खांद्यावर. तेवढाच काय तो आमचा संवाद. घरोघर एकच उत्तर मिळायचं. तो फोन पोरानं फोडला. तो फोन दुरुस्तीवाल्यानं पुसून दिला. बऱ्याच बायकांनी जुने फोन दारावर येणाऱ्या भांडीवाल्याला देऊन टब नाहीतर बादली घेतली होती. एका घरात तर मला तो टब दाखवला, निळा, चांगला मोठा, त्यात वासराचं पाणी होतं. चिडण्यासारखं त्यात काही नव्हतं. तरी मी चिडलो आणि बाहेर येऊन उभा राहिलो. आप्पा आत बसून त्या बाईची समजूत काढत होते, कारण ती रडायला लागली होती.

शेवटी त्या शेतकऱ्यांच्या घरातल्या काकूंनीच एक घर सांगितलं. गावाच्या टोकाला राहणारी बाई, निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत कामाला जाणारी. तिच्याकडं बाईंचं काहीतरी हाय, पर ती दाखवायची न्हाय, काकू म्हणाल्या.

ती बाई खरंच दाखवायला तयार नव्हती. आम्ही कोण ते कळल्यावर तर आणखीच अवघडली. "त्यात शिकवल्यालं काय न्हाय वो," ती म्हणाली. "त्यात मला बोलल्यालं हाय."

"बोलू दे की," आप्पा म्हणाले. "आमाला बोलल्यालंच पायजे."

तिनं पत्र्याच्या पेटीतून फोन काढला. काचेला तडे, चार्जिंगची वायर रबरानं बांधलेली. फोन चालू व्हायला वेळ लागला. तोपर्यंत तिनं सांगितलं ते असं. कोरोनात नवऱ्याचं काम सुटलं, तेव्हा तिनं चौथीतल्या मुलीला वखारीत आपल्याबरोबर तंबाखू चाळायला न्यायला सुरुवात केली. मुलीचा अभ्यास ग्रुपवर यायचा बंद झाला. आक्काला कुणाकडून तरी कारण समजलं आणि तिनं त्या आईला एक निरोप पाठवला. आईला राग आला, लाजही वाटली. पण दुसऱ्या दिवसापासून मुलगी घरी राहिली. ती मुलगी आता हायस्कूलला होती आणि त्या वेळी आतल्या खोलीत बसून लिहीत होती. "नवा फोन घेतला, पर ह्यो मोडाय मन झालं न्हाय," बाई म्हणाली आणि तिनं बटण दाबलं.

"काय वो," आक्का म्हणाली. "पोरगीला वखारीत न्हेऊन बसवलासा म्हनं. शाळा बंद हाय म्हंजे डोस्कंबी बंद ठेवायचं असतंय व्हय? ती बारकी हाय, तिला काय कळतंय. तुमाला कळतंय न्हवं? तो धुरळा तिच्या छातीत गेल्यावर काढून देणार हाय कोण? पैशाची अडचण हाय ते मला म्हाईत हाय. आडचणीला मी हाय, गाव हाय, मागून बघा आधी. उद्या सकाळी तिचा आवाज मला ऐकू आला पायजे. न्हाय आला तर मी येतो बघा त्या वखारीत, आन् तुमच्या मुकादमाच्या म्होरं बोलतो."

पुढेही बरंच होतं. मध्ये दम घेतला की पुन्हा सुरू. मी भिंतीला टेकून उभा होतो. धडे ती पुस्तकी मराठीत बोलायची, हे मला माहीत होतं. हे तसं नव्हतं. ही आमच्या घरातली, शनिवारी बस उतरून आल्या आल्या सुरू होणारी आक्का होती. आणि मला त्याच वेळी कळलं की हा आवाज मी विसरलो होतो. वर्षही पुरतं झालं नव्हतं. मी तो डोक्यात आणायचा प्रयत्न केला असता तर दुसराच कुठला तरी आणला असता आणि तोच तिचा म्हणून चालवला असता. आप्पांनी दोन्ही हात जोडून त्या बाईला नमस्कार केला. ती मागे सरकली.

दवाखान्यातल्या बाईंनी ते रेकॉर्डिंग ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. आवाज तयार होईल, म्हणाल्या, आता थोड्यावरही होतो. पण यात त्या सगळा वेळ रागावलेल्या आहेत. यंत्र सूर जसा ऐकतं तसाच शिकतं. शांत बोलण्याचा नमुना दुसरा काही नाही का? मी नाही म्हटलं. आक्कानं कानाला लावून ते ऐकलं, अगदी शेवटपर्यंत. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. मग तिनं पुष्कळ दिवसांनी पर्समधून कागद काढून त्यावर लिहिलं, "चालंल."

आवाज फोनमध्ये आला तो दिवस साधाच होता. संध्याकाळी जेवायच्या वेळी तिनं मला खुणेनं सांगितलं की आप्पांना बोलव. ते पडवीत होते. मी बोलवल्यावर दारापर्यंत आले आणि चौकटीला धरून उभे राहिले, आत आले नाहीत. आक्का खाटेवर बसून टाइप करत होती. एका वाक्यासाठी तिला फार वेळ लागला. लिहायची, खोडायची, परत लिहायची. मग तिनं फोन त्यांच्या दिशेनं धरला आणि बटण दाबलं.

"आप्पा, तुमची काय चूक न्हाय."

शब्द हेच होते. पण ज्या सुरात तिनं त्या आईला झाडलं होतं त्याच सुरात ते आले, एकेक शब्द तडातडा. ऐकणाऱ्याला वाटावं की सगळी चूक तुमचीच आहे आणि तुम्हाला लाज कशी नाही. आक्काचा चेहरा उतरला. तिला असं म्हणायचं नव्हतं. तिनं घाईनं पुन्हा बटण दाबलं आणि फोन पुन्हा तसाच ओरडला. ती मान हलवत होती, हातानं नाही नाही करत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं. आणि तिच्या हातातला तिचाच आवाज म्हाताऱ्या बापावर खेकसत होता. मी फोन काढून घ्यायला पुढे झालो.

आप्पांनी मला हातानं अडवलं. ते आत आले, तिच्यासमोर जमिनीवर बसले, पोरं मास्तरणीपुढं बसतात तसे.

"ऱ्हाऊ दे," ते मला म्हणाले. मग तिच्याकडे बघून म्हणाले, "बोल गं. आजून बोल. एवढं दिवस झालं, कोन बोललंबी न्हाय मला."